खांबेट्यांना राळे

"दोनशे अडुसष्ट," डॉक्टर म्हणाले.

मी च्यक् केलं आणि विचारलं, "कुठल्या कंपनीने?"

माझं काय चुकलं सांगा. २००८ चा नोव्हेंबर होता. दुबईतल्या क्रेन उभ्या जागी थिजल्या होत्या आणि शारजात दूध आणायला गेलं तरी कानावर आकडाच पडायचा. अमक्याने दीडशे माणसं काढली, तमक्याने तीनशे. मला वाटलं, हाही तसलाच.

"तुमची फास्टिंग शुगर," डॉक्टर म्हणाले. ते सुदानी होते, दारात उभे राहिले तर दार दिसायचं बंद होईल एवढे, आणि आवाज मात्र बाळाला झोपवतात तसा.

फास्टिंग शुगर म्हणजे रात्रभर न खाता सकाळी रक्तात सापडते ती साखर. ती शंभराच्या आत हवी. दुसऱ्या कागदावर होतं एचबीए१सी. हा आकडा मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी सांगतो. आदल्या दिवशी उपाशी राहून त्याला फसवता येत नाही. मी विचारून घेतलं. साडेसहा झाला की डायबेटिस. माझा दहा पॉइंट चार.

लक्षणं होती, मी ती ओळखली नाहीत. तुम्ही ओळखा, म्हणून सांगतो. तहान. इतकी, की आमच्या बिल्डिंगची टाकी दुपारीच रिकामी व्हायची आणि वॉचमन फुटलेला पाइप शोधत गच्चीवर फिरायचा. पट्ट्याला तीन नवी भोकं पाडली होती. माधुरी, म्हणजे माझी बायको, ओळखीपाळखीत सांगत होती, "हे जिमला जातात." मी जात होतो बाथरूमला.

डॉक्टरांनी मेटफॉर्मिन दिली. म्हणजे यकृताला 'उगाच साखर सोडू नकोस' असं बजावणारी गोळी. "दोन वेळा, जेवणाबरोबर. इन्शाल्ला, ठीक होईल."

झालंही असतं. पण मधे खांबेटे आले.

मी हमरिया फ्री झोनमध्ये एका कारखान्यात प्रॉडक्शन सुपरवायझर होतो. इमारतींना बाहेरून लावतात ते ॲल्युमिनियमचे पत्रे आम्ही बनवायचो. खांबेटे आमचे मॅनेजर. पुण्याचे. बायको-मुलं तिकडे, स्वतः इथे एकटे. दर गुरुवारी त्यांचा उपवास आणि दर गुरुवारी माधुरीच्या हातच्या साबुदाणा खिचडीचा डबा माझ्याकडून. सहा वर्षं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तपासणी कंपनीची, त्यामुळे रिपोर्टची एक प्रत त्यांच्या टेबलावर पोचलेली.

"ये पाटणकर, बस. पाणी घेणार? अरे हो, तू तर पितोसच."

मी हसलो. साहेब विनोद करतात तेव्हा हसायचं असतं.

"हे बघ, तुझ्या भल्यासाठी सांगतो. मशीनजवळ चक्कर येऊन पडलास तर? चार महिने लाँग लीव्हवर जा. आराम कर."

लाँग लीव्ह हा त्या मंदीत निघालेला शब्द. माणूस काढलेला नसतो, ठेवलेलाही नसतो. पगार नाही, व्हिसा तेवढा राहतो.

"एप्रिलमध्ये फिटनेस सर्टिफिकेट आण. तो तीन महिन्यांचा आकडा सातच्या आत पाहिजे. नसला तर मग खलास. व्हिसा कॅन्सल करावा लागेल, माझा नाइलाज आहे."

माझी मुलगी सई एप्रिलमध्ये दहावीत जाणार होती. व्हिसा गेला की महिनाभरात घर उचलायचं, दहावीच्या वर्षात शाळा सोडायची. हे खांबेट्यांना ठाऊक होतं. तिच्या वाढदिवसाला केक कापायला त्यांनीच मदत केली होती आणि दोन तुकडे खाल्ले होते.

मी उठलो तसे ते मागून म्हणाले, "आणि धान्य सोड. मी नेटवर वाचलंय. सगळं विष धान्यात आहे."

त्या दिवसापासून मला दोन आजार झाले: डायबेटिस आणि खांबेटे. पहिल्यावर निदान गोळी होती. हमरियाच्या गेटबाहेर, भर उन्हात मी शपथ घेतली: सातच्या आतला आकडा आणीन आणि या माणसाच्या केबिनच्या काचेवर चिकटवीन, आतल्या बाजूने.

आता ऐका मी काय केलं ते. मराठी माणसाला 'धान्य बंद' असं सांगितलं की त्याच्या डोक्यात काय येतं? उपवास. माधुरीला विचारावंही लागलं नाही. भात-पोळी बंद झाली, आणि शेल्फवर ओळीने उभे राहिले साबुदाणा, वरीचे तांदूळ, शिंगाडा, राजगिरा, बटाटे. सकाळी साबुदाणा खिचडी. दुपारी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. चार वाजता राजगिऱ्याचे लाडू, रात्री बटाट्याची भाजी आणि साबुदाणे वडे. सलग एकोणीस दिवस. देवाने बघितलं असेल तर तोही म्हणाला असेल, पुरे आता.

सई म्हणाली, "बाबा, धिस इज लिटरली ऑल स्टार्च."

"तू गप. एकादशीला कुणाची शुगर वाढल्याचं ऐकलंयस?"

आणि इतकं पवित्र खातोय तर गोळी कशाला, म्हणून गोळ्याही सोडल्या. हे वाक्य पुन्हा वाचा. मग कानाला खडा लावा.

विसाव्या दिवशी दाढी करताना आरशात मला दोन पाटणकर दिसले आणि दोघेही खाली पडले.

सरकारी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत बोटाला सुई टोचली तर मीटरवर आकडा आलाच नाही. साखर त्याच्या मोजणीच्या पलीकडे गेली की तो हात टेकतो. मग रक्तातले कीटोन तपासले. शरीराला साखर वापरता येईना की ते चरबी जाळायला लागतं, त्याचा हा धूर. फार झाला तर माणूस बेशुद्ध होतो, मरतोही. माझ्या शिरेत सलाइन, दुसरीकडून इन्शुलिन, आणि तासातासाला बोटाला सुई. दहा बोटं संपली, पुन्हा पहिल्यापासून. मी एक तास एक बोट असा हिशेब धरून बोटांना नावं दिली. दहाही बोटांचं नाव खांबेटे.

माधुरी बाहेर बाकावर बसून होती. दर वेळी दार उघडलं की उभी राहायची. हे मला नंतर कळलं, आणि हे मी वाढवून सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सुदानी डॉक्टर पलंगाशी आले, ते याच हॉस्पिटलचे. "हबीबी, क्या खाया?"

मी अभिमानाने म्हटलं, "एक दाना नहीं. सिर्फ साबुदाणा."

ते नर्सकडे बघायला लागले. ती केरळची. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग छताकडे. "टॅपिओका, डॉक्टर. ओन्ली टॅपिओका."

डॉक्टरांनी फाइल मिटली. खुर्ची ओढून बसले. खुर्ची कण्हली. "आम्ही आजाऱ्याला ताकद यावी म्हणून जे देतो, ते तू साखर उतरायला खाल्लंस? हा नुसता स्टार्च आहे. त्याला ना साल, ना कोंडा. पोटात गेला की साखर. गोळी?"

"बंद केली."

"कोणी सांगितलं?"

मी खांबेट्यांचं नाव घेतलं. खोटं होतं. गोळी मी आपल्या मनाने सोडली होती आणि साबुदाण्याचं तर खांबेटे बोललेच नव्हते. पण त्या पलंगावर पडून मला एक दोषी हवा होता, आणि तो माझ्याकडे तयार होता.

तीन दिवसांनी घरी आलो. माझ्या हातात साडेतीन महिने उरले होते.

आमच्या कारखान्यातली मोठी मशीन चिनी, म्हणून तिचा मेकॅनिकही चिनी. तो मला बघायला आला आणि दुसऱ्या दिवशी गाडीत घालून अजमानला घेऊन गेला. तिथे एका गॅरेजच्या माडीवर लिन मॅडम बसायच्या. चिनी वैद्य. वय साठ असेल किंवा एकशेसाठ. कंबर धरलेल्या कामगारांना सुया टोचता टोचता त्या हिंदी शिकल्या होत्या. आधी मी सुदानी डॉक्टरांना विचारलं होतं, ते म्हणाले, "गोळी चालू ठेव, मग काय हवं ते चाव." लिन मॅडमचाही पहिला प्रश्न तोच: "गोली खाता? दिखाओ." पाकिटातल्या गोळ्या स्वतः मोजल्या, मगच नाडी धरली.

दोन्ही मनगटं, तीन-तीन बोटं, दहा मिनिटं. माझ्या नाडीवर पेटी वाजवत असाव्यात असं वाटलं. मग म्हणाल्या, "जीभ."

जीभ बघून त्यांनी नाक मुरडलं. या आजाराचं त्यांच्याकडचं जुनं नाव सांगितलं, त्याचा अर्थ होतो तहान आणि झीज. मी गार झालो. माझी टाकी आणि माझा पट्टा, दोन्ही त्या एका नावात बसले होते.

त्यांच्या शास्त्रात प्लीहा, म्हणजे स्प्लीन, ही शरीराची स्वयंपाकखोली. सर्जन कापतो तो गोळा नव्हे. अन्नाची ताकद बनवण्याचं काम, ते म्हणजे प्लीहा. गोड, तेलकट, बर्फाचं पाणी आणि चिंता यांनी त्या खोलीत ओल येते. ओल आली की शिजवलेलं साठतं, सडतं. शारजातल्या ऑगस्टमध्ये राहिलेल्या माणसाला ओल म्हणजे काय हे समजावून सांगायला लागत नाही.

"और तुम अनाज छोड़ा!" त्या टेबलावर हात आपटून म्हणाल्या. "घर का खंभा निकाला, अभी पूछता छत क्यों गिरा! अनाज खाना. लेकिन पॉलिशवाला खलास. पॉलिश जूते को करो, चावल को नहीं."

त्यांच्या जुन्या वैद्यांच्या मते जेवणाचा पाया धान्य. भाजी, फळ, मांस हे मदतीला. पण धान्य कोंड्यासकट हवं, आणि मिसळलेलं. एक पिवळं बारीक धान्य, जव, थोडा कुट्टू म्हणजे बकव्हीट, मोत्यासारखा दिसणारा एक टणक दाणा, बरोबर मूग. वाटी एकच, छोटी. सकाळी सात ते नऊच्या मधे, कारण ती पोटाची वेळ. कोमट पाणी. गिचका होईपर्यंत शिजवायचं नाही, दाताला दाणा लागला पाहिजे. मऊ पेज आजाऱ्याला चांगली हे त्यांचे जुने लोक सांगतात, पण साखरेच्या पेशंटला ती भरभर चढते, हे त्यांनी आपल्या टेबलावरच्या मीटरवर बघितलं होतं. आणि प्रत्येक घास चाळीस वेळा चावायचा.

मग डोळे बारीक करून विचारलं, "गुस्सा किस पे?"

मी दचकलो. त्यांच्या हिशेबात राग यकृतात राहतो, आणि यकृत तापलं की ते प्लीहेला बडवतं. माझी डावी नाडी म्हणे नुसती तारेसारखी ताणलेली होती.

"खांबेटे," मी म्हटलं.

"खांबेटे छोड़ो."

"मॅडम, चावल छोड़ेगा. शक्कर छोड़ेगा. खांबेटे नहीं छोड़ेगा."

त्यांनी कागदावर काहीतरी चिनी लिहिलं. मला अजून वाटतं, ते खांबेटे होतं.

पिवळं बारीक धान्य कुठे मिळतं हे मी फुशारकीत विचारलंच नाही. तसलंच काही पोपटांना घालताना बघितलं होतं, म्हणून थेट शारजाच्या पक्षी बाजारात गेलो. दुकानदार पठाण. "कितने पंछी हैं?"

"तीन. एक मादी, एक बच्चा, एक बीमार."

लिन मॅडमने ते पोतं बघून मलाच पिंजऱ्यात घालायचं बाकी ठेवलं. पक्ष्यांच्या दाण्यावर काय फवारलेलं असतं देव जाणे. त्यांनी चिनी किराणा दुकान दाखवलं. किलोला आठ दिरहम, म्हणजे शंभराच्या वर रुपये, असं मी मोठ्याने म्हटलंही. पाकीट घरी आणलं. माधुरीने फोडून तळहातावर घेतलं आणि तिचा चेहरा बदलला.

"अहो, हे राळे!"

माधुरी बार्शीची. तिच्या माहेरी भोगीला राळ्याचा भात करतात. मी गिरगावचा, मला ते नावही ठाऊक नव्हतं. आणि लगेच तेरा जानेवारीला भोगी होती. आमच्या शारजाच्या चौथ्या मजल्यावर चिनी पाकिटातल्या राळ्यांचा बार्शीचा भात शिजला. सई म्हणाली, "नॉट बॅड." तिच्या तोंडून हे म्हणजे पंचारतीच.

पुढच्या खेपेला माधुरीही अजमानला आली. तिने उपवासाची वरी दाखवली. लिन मॅडमने दाणा दातात धरून कट्कन् फोडला. "ये भी अनाज. इसका भाई."

"म्हणजे माझ्या वीस वर्षांच्या एकादश्या?" माधुरी तिथेच स्टुलावर बसली.

मग रोजचा क्रम. सकाळी साडेसातला राळे-मुगाची वाटी. चाळीस वेळा चावणं सोपं नाही. दहाव्या चावण्याला माणसाला आयुष्य निरर्थक वाटायला लागतं. मी युक्ती काढली. दाढेखाली खांबेट्यांना धरायचो. लाँग लीव्ह, कट्. 'तुझ्या भल्यासाठी', कट्. चाळीस कमी पडायचे. लिन मॅडमने राग सोडायला सांगितला होता. मी तो चावून खाल्ला. संध्याकाळी कॉर्निशवर, म्हणजे पाण्याकाठच्या रस्त्यावर, तासभर चालणं, प्रत्येक पाऊल त्यांच्या केबिनच्या दिशेने.

जीभ बघून आजार कळतो का, मला ठाऊक नाही. माझी साखर गोळीने उतरली, चालण्याने की राळ्यांनी, हेही मी शपथेवर सांगणार नाही. सुदानी डॉक्टर म्हणाले तिन्हींनी. एवढं सांगतो: धान्य सोडून मी मरायला टेकलो होतो आणि धान्य नीट खाऊन उठलो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रिपोर्ट आला. सहा पॉइंट सहा.

मी इस्त्रीचा शर्ट घातला, सेलोटेप खिशात टाकला आणि हमरियाला गेलो. काचेवर कागद लावला. आतल्या बाजूने. खांबेट्यांनी चष्मा चढवून वाचला, उठले आणि मला मिठी मारली.

"अरे वा! मी तेच तर सांगितलं होतं ना? धान्य सोड!"

दुपारपर्यंत सगळ्या कारखान्यात पसरलं होतं, पाटणकर खांबेटेसाहेबांच्या डाएटवर बरा झाला. अकाउंट्समधल्या दोघांनी चपात्या सोडल्या. नोकरी परत मिळाली, सईची शाळा वाचली, आणि माझा सूड माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी आपल्या नावावर करून घेतला.

पुढच्याच गुरुवारी ते म्हणाले, "पाटणकर, चार महिने खिचडी नाही रे. जीव गेला."

डबा पुन्हा सुरू झाला. त्याच दिवशी मी बघितलं. टेबलाखाली दीड लिटरच्या पाण्याच्या तीन बाटल्या, रिकाम्या. पट्ट्याचं टोक लांब लोंबतंय. अर्ध्या मीटिंगमधून दोनदा उठले. टॉयलेटमध्ये मुंग्यांची रांग, एखादी तर टॉवेल घेऊन आल्यासारखी वाटली.

मला कळलं. त्या कारखान्यात फक्त मलाच कळलं.

आणि मी गप्प बसलो. आता लाजून सांगतो, पण तेव्हा लाज नव्हती, गोडवा होता. पुढच्या गुरुवारी माधुरीला म्हटलं, साहेबांना बटाटा जास्त आवडतो. त्याच्या पुढच्या गुरुवारी, वर चमचाभर साखर भुरभुर. ते खायचे, बोटं चाटायचे, पाणी प्यायचे. मी समोर बसून बघायचो आणि माझी डावी नाडी तारेसारखी वाजायची.

तिसऱ्या गुरुवारी घरी बोलता बोलता माझ्या तोंडून गेलं, "आज चार बाटल्या प्यायले."

माधुरीचा हात थांबला. "कोण?"

तिला सांगावं लागलं नाही. चार महिने तिने माझे आकडे भिंतीवर लिहिले होते.

"त्यांना शुगर आहे हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"तीन आठवडे."

"आणि माझ्याकडून बटाटा वाढवून घेत होता?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी परत ओरडलो असतो. "मी त्या बाकावर बसले होते ना, तेव्हा दर वेळी दार उघडलं की वाटायचं, आता सांगतील. तसं त्यांच्या बायकोला पुण्यात कुणीतरी फोन करून सांगायचं, आणि ते माझ्या डब्याने? माझ्या हातचं अन्न आहे ते, पाटणकर. तुमचं हत्यार नाही."

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. तिने मला आडनावाने कधी हाक मारली नव्हती.

सकाळी खांबेट्यांच्या केबिनमध्ये शिरलो आणि दार लावलं. माझा शुगरचा मीटर टेबलावर ठेवला. "बोट द्या."

"कशाला?"

"तुमच्या भल्यासाठी."

तीनशे एक्याण्णव. त्यांनी आकडा बघितला आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. पहिलं वाक्य काय बोलले असतील? "पाटणकर, हेड ऑफिसला कळवू नकोस. ते मला लाँग लीव्हवर घालतील."

या क्षणासाठी मी चार महिने चावलो होतो. मी खुर्चीत मागे टेकलो. "पाणी घेणार, साहेब? अरे हो, तुम्ही तर पिताच."

त्यांनी मान खाली घातली. हॉस्पिटलात मी त्यांचं नाव घेतल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. हळूच म्हणाले, "तुला मी साबुदाणा खा असं कधी म्हणालो होतो?"

"नाही. पण लाँग लीव्हवर तुम्हीच घातलंत."

"हेड ऑफिसच्या यादीत एक नाव द्यायचं होतं. तुझं सोपं होतं." आणि म्हणाले, "चुकलं."

मला वाटलं होतं हा शब्द ऐकला की आत फटाके फुटतील. एक लवंगी फुटली, ओलसर.

मी त्यांना त्याच दिवशी सुदानी डॉक्टरांकडे नेलं. गोळी सुरू झाली. शनिवारी अजमानला. लिन मॅडमने त्यांची जीभ बघितली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "ये वही खांबेटे?"

"वही."

त्या पहिल्यांदाच हसल्या.

तेव्हापासून पुढची चार वर्षं, ते पुण्याला परत जाईपर्यंत, खांबेटे रोज सकाळी साडेसातला माझ्यासमोर बसून राळे खात. मी मोजायचो. मोठ्याने. एकोणचाळीसवर गिळलं की पुन्हा पहिल्यापासून. गुरुवारी खिचडीच्या डब्यात राळे-मूग. उपवास मोडतो म्हणाले तर माधुरीचा निरोप सांगायचो, देवाशी तिने बोलून घेतलंय. त्यांचा आकडा सात पॉइंट एकवर आला. माझ्यापेक्षा अर्ध्या पॉइंटने जास्त, हे मी त्यांना दर वेळी आठवण करून देत असे.

तुमच्यापैकी ज्याच्या हातात आज पहिला रिपोर्ट असेल त्याला सांगतो. गोळी सोडू नका. मॅनेजरच्या नेटवरच्या ज्ञानावर विसंबू नका, आणि माझ्यावरही नाही, डॉक्टरला विचारा. राळे खा, मोजून. आणि कुणी बाकावर बसलेलं असेल, तर तिच्यासाठी तरी उठा. मी उठलो सूडाने. पण मला उभं ठेवलं ते माधुरीने, त्या सुदानी डोंगराने आणि गॅरेजच्या माडीवरच्या त्या बाईंनी. त्यांचे उपकार मी मानतो. खांबेट्यांना मी माफ केलेलं नाही. फक्त जिवंत ठेवलंय.

शेवटच्या खेपेला लिन मॅडमने नाडी धरून विचारलं, "गुस्सा?"

"थोडा."

"कितना?"

"एक चमचा."

त्यांनी डोळे मिटून बोटांनी पुन्हा ऐकलं. "ठीक," त्या म्हणाल्या. "खाली पेट नहीं."